गेला

परांड्याच्या किल्ल्यात मी बारा वर्षं
अलहदादखानाचा जमाखर्च लिहिला.
घोडे एकशेवीस, हरभरा रोज इतका,
गाड्यांच्या वंगणाला करडईचं तेल,
आणि दर गुरुवारी एक ओळ
जिचं खातं मला कधी सापडलं नाही:
‘सरदार, मोतद्दार, भिश्ती, सगळ्यांना सारखं.’

दायऱ्यात तो चटईवर बसायचा.
लाकडी वाडग्यात तेवढ्याच कण्या
जेवढ्या शेजारच्या नालबंदाला.
उठताना गुडघा धरून म्हणायचा,
‘त्रिंबकपंत, इथं मी स्वस्त पडतो.’

भांडण एका वाक्याचं.
याची माणसं म्हणत, महदी येऊन गेला.
बाकीचे म्हणत, यायचा आहे.
आमचा कल्कीही अजून वाटेतच,
तेव्हा मी गप्प.

मग नगरच्या दरबारात यांचा पंथ वर आला.
काल ज्यांनी यांना छळलं
त्यांना आता हे कापू लागले.
सीना नगरहूनच खाली येते.
त्या साली तिच्यातून जोडे आले, पगड्या आल्या,
एक इराणी हकीम आला, जिवंत,
बाभळीची फांदी धरून.
खानानं त्याला आठ महिने वैरणीच्या कोठीत ठेवलं.
माझ्या वहीत तो ‘वळू, एक’ असा आहे.

खानाचा धाकटा भाऊ तेव्हा नगरात होता,
तलवार घेऊन.
त्याबद्दल खान बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

दोन वर्षांत वारं फिरलं.
हुकूम आला: वाक्य बदला, नाहीतर जहागीर सोडा.
भावानं बदललं. व्याह्यानं तर
खलिता पुरता वाचायच्या आधीच.
रात्री दिव्याशी बसून खान म्हणाला,
‘तुमच्या बोलीत काळ किती?’
तीन, म्हटलं.
‘आमच्यात दोनांतच मान जाते.’
हसला. तेल संपेस्तोवर बसून राहिला.

पहाटे सात घोडे नव्हते, नालबंद नव्हता.
टापांना चिंध्या बांधल्या असणार,
पहारेकऱ्याला काहीच ऐकू आलं नाही
किंवा त्यानं तसं सांगितलं.

जप्तीच्या अंमलदारानं वही उलटली.
खानाच्या नावापुढे माझा एकच शब्द.
‘गेला म्हणजे? मेला, की पळाला?’
मी दौतीला झाकण लावलं.
आमच्यात, म्हटलं, एवढंच लिहितात.

वाडगा मात्र यादीत धरला नाही.
घरी त्यात मीठ असतं.