अट क्रमांक सात

पोर्थ गेलिनच्या नगरभवनातला हीटर
सुनावणीच्या दिवशीच बिघडतो.
परवाना समितीचे तिघे कोट घालूनच बसले होते.
माझा अशील, उत्तर वेल्समध्ये सट्ट्याची अकरा दुकानं असलेला,
सारखं नाक पुसत होता. सर्दी.
रडतोय असं कुणाला वाटू नये म्हणून
मी त्याला मागच्या रांगेत बसवलं.

हरकत एकच आली होती,
निळ्या शाईत, पाठपोट:
एलुनेड प्रिचर्ड, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त,
राहणार नियोजित दुकानासमोर, पहिला मजला.

सतरा वर्षं मी हेच करतेय.
हरकत कुठे पोकळ वाजते ते मला बोटाने कळतं.
जुगार वाईट, हे कायद्याला ऐकू येत नाही.
या रस्त्यावर अशी तीन दुकानं आहेतच, हेही नाही.
मुलं आत शिरतात का, गुन्हा घडतो का,
खेळ सचोटीचा आहे ना,
एवढ्याच खिडक्या. बाकी सगळी भिंत.

बाईंनी वही आणली होती.
कोपऱ्यावरच्या दुकानावर त्यांनी वर्षभर नजर ठेवलेली:
डावीकडे आत गेलेले, उजवीकडे बाहेर आलेले,
वेळ मिनिटासकट.
मी विचारलं, यात अठराच्या आतले किती?

"एकही नाही," त्या म्हणाल्या.
"पण यांतल्या सगळ्यांना मी जेवायला वाढलंय."

अध्यक्ष खोकले.
आणखी प्रश्न नाहीत, मी म्हणाले,
आणि पाण्याचा पेला उगाच सरळ केला.

मग त्यांनीच विचारलं, बाई, तुमची मागणी काय?
"परवाना तुम्ही देणार. ते मी धरून चाललेय.
मला एक घड्याळ हवंय.
आत, यंत्रांच्या डोक्यावर, माझ्या खिडकीतून दिसेल एवढं.
आमचा ग्विलिम पगाराच्या दिवशी साडेपाचच्या बसने यायचा.
मग साडेनऊच्या.
मग चालत, सात मैल,
आणि दारात बूट काढता काढता विचारायचा, किती वाजले गं?
थट्टा नव्हती ती. त्याला खरंच माहीत नसायचं."

अशील माझ्या कानाशी आला:
एक यंत्र कमी करा म्हणेल असं वाटलं होतं मला.
घड्याळ? दोन लावतो!

मधल्या सुट्टीत, बिस्किटाच्या बशीशेजारी, पेन्सिलीने मी लिहिलं:
सात. आवाराच्या आतील भिंतीवर,
रस्त्यावरून दिसेल असे,
किमान चाळीस सेंटिमीटर व्यासाचे घड्याळ असावे.
व्यास मी आपणहून घातला.
आपण काळजीनं लिहितोय असं वाटलं तेव्हा.

दोन विरुद्ध एक. परवाना पदरात.
दान आपलंच पडलं, अशील पायऱ्यांवर म्हणाला
आणि शिंकला.

फेब्रुवारीत त्या रस्त्यावरून गेले, दुसऱ्याच कामासाठी.
घड्याळ आहे. पांढरं, वाटोळं,
टेप लावली तर चाळीसच भरेल.
चार वाजून दहा.
माझ्या फोनवर पावणेसात,
समुद्राच्या बाजूने पूर्ण अंधार,
आणि यंत्रांपुढे दोन वाकलेल्या पाठी.
निरीक्षक येऊन गेल्याचं काचेवर चिकटवलेलं:
सर्व अटींचे पालन होत आहे.

असावे, मी लिहिलं होतं.
चालू असावे, नव्हतं लिहिलं.
एका अल्पविरामावरून मी दुसऱ्यांचे अर्ज पाडलेत;
हा शब्द विसरले, की सोडला?
अशिलाला सांगायचं उत्तर तयार आहे.
दुसरं कुणी अजून विचारलेलं नाही.

आज टपालाने फेरविचाराचा अर्ज आला,
निळ्या शाईत, सोबत वहीच्या पानांची प्रत.
आत गेलेले, चार दहा.
बाहेर आलेले, चार दहा.
ओवेन, चार दहा, चार दहा.
त्या मेकॅनिकची धाकटी, चार दहा, चार दहा.
सहा पानं. एकाही ओळीला खाडाखोड नाही.

उत्तर द्यायला मला अठ्ठावीस दिवस आहेत.