पांढरी लादी

अमळनेर, मे महिना. पारा पंचेचाळीसवर.
धुळे रस्त्यावरचा बर्फाचा कारखाना तेवढा
अमोनियाच्या वासात गार बसलेला.
लोटन मिस्तरी मिठाच्या पाण्यातून साचा वर काढतात,
लादी फळीवर घसरते: कडेने काच,
मधोमध धूर गोठल्यासारखी पांढरी रेघ.

"ही हवा," ते मलाच सांगतात.
"पाणी कडेकडून गोठत येतं, हवा मधी पळते,
मधीच कोंडते. मधलं पाणी पाइपाने ओढून
नवं भरलं, की लादी आरसा.
गिऱ्हाइकाला आरसा लागतो."

मला पांढरंच लागतं, मी म्हणते.
ध्रुवाकडचा बर्फ आम्ही निर्वातात फोडतो,
वितळू न देता,
बुडबुड्यांतली हवा गोळा करतो.
किलोभर बर्फामागे कार्बन निघतो तो
तान्ह्या बाळाच्या तिटेचा शंभरावा हिस्साही नाही.
त्यातला किरणोत्सारी किती उरला, ते मोजायचं.
पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मा,
पुन्हा तेवढ्यात निम्म्याचा निम्मा.
त्यावरून हवेचं वय.

"हवेचं? बरफचं नही?"

दोन्ही वेगळी. बर्फ आधी पडतो, भुसभुशीत,
वरची हवा त्यात ये-जा करत राहते कितीतरी वर्षं.
सत्तर-ऐंशी मीटर खाली दबला की दार लागतं.

मिस्तरी विडी कानामागे खोचतात.
"मंजे बरफ धल्ला, न् पोटमा हवा पोर."
इतकं नेमकं मला कधी शिकवता आलं नाही.

बर्फ थोडं खोटंही बोलतो, हे मी सांगत नाही:
आकाशातून येणारे किरण त्याच्या आतच
नवा कार्बन घडवतात, साक्षीतून
तेवढा वजा करावा लागतो.

मग ते उगाच साचे मोजतात. मान वर न करता म्हणतात,
"तुनी मायना येळले लाद्या पांढऱ्याच धाडी दिध्यात मी.
रातले लाइट गयी व्हती. मधलं पानी काढाले
येळ नही भेटना. राही गय ते."

चार लाद्या, भुशात गुंडाळून, हातगाडीवर.
मी तेव्हा परदेशात, उणे वीसच्या खोलीत
करवतीने बर्फ कापत होते.
पोचले दीड दिवसाने.
आईच्या कडेने पाणी मोरीकडे चाललेलं,
पायरीवर ओला भुसा.

साचे आदल्या संध्याकाळी भरले असणार.
म्हणजे त्या रेघेत आदल्या दिवसाची हवा,
अंगणात खाट टाकून
ती घेत होती, सोडत होती, त्या गावाची.
रात्रभर एकेक बुडबुडा फुटला असेल खोलीत.
बायका बसलेल्या. कुणी ऐकला नसेल.

बरं झालं राहिलं ते, एवढंच म्हणते.
मिस्तरी टोच्याने पांढऱ्यातला एक खडा काढून
माझ्या हातावर ठेवतात. मी कानाला लावते.
कंप्रेसर चालू आहे, काही ऐकू येत नाही.

अकरा वर्षं झाली.
आमच्या यंत्राला अकरा वर्षं दिसत नाहीत.
त्याच्या लेखी ती हवा
आजचीच.