कूलरची ताटी

अंगावर धातू आहे का, मी विचारते.
घड्याळ, करदोट्याला चावी, जुना छर्रा, स्क्रू?
दशरथ नंदेश्वर, वय अठ्ठावन्न, राहणार पाचपावली,
कवळी काढून बायकोच्या रुमालात ठेवतात.
मग तांब्याचं कडं. ते निघत नाही. मी साबण आणते.

"शुगर किती असते?"
"कधी चारशे, कधी त्याहून जास्त.
मोजाले कोन जाते, सिझन होता."
सिझन म्हणजे कूलरचा. मार्च ते जून
धरमपेठेतल्या गच्च्यांवर चढून
ते लोकांच्या खसाच्या ताट्या बदलतात.

मेडिकलचं मशीन ठोकू लागतं.
आतून आवाज येतो: "पत्रा ठोकून राह्यले का कोनी?"
हलू नका काका. बोलू पण नका.

शिरेतून औषध जातं.
जिथवर रक्त पोचतं तिथवर पडद्यावर उजळतं.
नाकाच्या उजव्या बाजूला मात्र
सगळ्या घरात दिवे, आणि एकच खोली काळी.
मी पुढच्या चित्रावर जाते. डोळ्याची खोबण.
पुढच्या. कपाळामागे, मेंदूच्या टोकाशी,
सुपारीएवढं काहीतरी,
कडेला पांढरी रेघ, मध्ये रिकामं.
दुसऱ्या फेरीत तेच उलटं होतं: मधलंच लख्ख.
माझा चहा गार झालेला असतो.

मी टेक्निशियन. मला दिसतं, बोलायचं नसतं.
"दिसलं का मॅडम काही?"
"डॉक्टर सांगतील."

बाहेर चपला शोधताना ते थांबतात
वेटिंगमधल्या कूलरपाशी.
उजवी पापणी उघडत नाही. डाव्या डोळ्यानं वाकून
ताटीत बघतात, बोट लावतात.
"वास त येत नाही मले पंधरा दिवसांपासून.
पन रंग पाहा ना. मधात अशी काळी पडली
की समजाचं, पानी पोचत नाही तिथं.
काढून फेका लागते. आणि थोडी नाही, पुरी.
थोडी ठेवली की झालं."
बायको म्हणते, चला न जी आता.

रात्री दोनला रिपोर्ट उमटतो:
बुरशीचा संसर्ग संभवतो,
तुकडा तपासून खात्री करावी.
लांजेवार सर 'संभवतो'वर थोडा वेळ थांबतात,
मग कान-नाक-घशाला फोन लावतात:
सकाळी नको. आत्ता.

कडं माझ्या ट्रेमध्येच राहिलंय, साबणाचं, निसरडं.
ते मुठीत धरून निघते.
लिफ्ट बंद आहे. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर.