मीठ घातलंय

इथली नदी उत्तरेकडे वाहते,
आणि जमीन इतकी सपाट
की पलीकडच्या गावातला दिवा
आपल्याच अंगणात लागल्यासारखा वाटतो.
ऑक्टोबर लागला की जत्रेच्या मैदानात
चाकांवरची घरं येऊन उभी राहतात.
बिटाच्या सुगीला आलेली माणसं,
कोणी आर्कान्सातून, कोणी ओरेगॉनहून,
बहुतेकांची साठी उलटलेली.
निवृत्त आहोत म्हणतात.
पेन्शन पुरत नाही, असं कोणी म्हणत नाही.

माझ्या शेजारी अकरा नंबरला
आर्डिस आणि डेलमर.
तिची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ,
त्याची रात्री आठ ते सकाळी आठ.
पलंग एकच, तो कधी गार पडत नाही.
पिकअप एकच, तिची किल्ली
कारखान्याच्या फाटकाशी
एका हातमोज्यातून दुसऱ्या हातमोज्यात जाते.
ट्रकांची रांग मागे भोंगे वाजवत असते,
तेवढ्यात काय बोलणार?

आणि एक बिडाचं भांडं, तीन पायांचं,
झाकणाला उभा काठ, वर निखारे राहावेत म्हणून.
गाडीत शेगडी आहे,
पण गॅस रात्रीच्या उबेसाठी राखलेला.
म्हणून आर्डिस पहाटे पाचला
तीन पत्र्यांच्या आडोशाला बसते,
कोळसे मोजते : वर चौदा, खाली आठ.
या वाऱ्यात एकही जास्तीचा परवडत नाही.
मांस, बटाटे, गाजर, मूठभर बार्ली.
निघताना दारावर खडूने लिहिते :
मीठ घातलंय.

संध्याकाळी हाच मजकूर
डेलमरच्या तिरक्या अक्षरात.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं,
यांची काही सांकेतिक भाषा असावी.
मग एकदा उकळी आलेलं ढवळताना
तिनेच सांगितलं :
आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली,
पण एका भांड्यावर दोघांचा हात
पहिल्यांदाच पडतोय.

अकरा तारखेला अचानक ऊन तापलं.
बीट गरम झालं की ढिगात सडतं,
म्हणून काम बंद, दोन्ही पाळ्यांना सुट्टी.
आर्डिस आणि डेलमर
एकाच दिवशी एकाच वेळी जागे.
दोघं भांड्याभोवती अशी घुटमळत होती
जशी परक्या स्वयंपाकघरात पाहुणी.
तिने चिमटा घेतला, त्याने पळी,
मग त्याने चिमटा मागितला.
दुपारी मला हाक मारली, ताटली घेऊन ये.

पहिला घास मी घेतला
आणि पाण्याचा पेला शोधू लागले.
डेलमरने चाखलं, चघळत राहिला.
आर्डिसने चाखलं.
तिने दाराकडे पाहिलं,
त्यानेही दाराकडे पाहिलं.
दार कोरं होतं.

मैलभरावर कारखान्याचं धुराडं
गोडसर, कुजकट वाफ सोडत होतं.
डेलमर म्हणाला,
एवढी साखर पडलीय शेजारी,
ती काही कामाची नाही.
आर्डिस हसली नाही.
दोन बटाटे सोलून भांड्यात टाकले,
झाकण ठेवलं, कोळसे परत मोजले,
आणि त्याला म्हणाली, बस इथे.
तो बसला.
अर्धा तास मला कोणी काही विचारलं नाही,
ताटली हातात धरून मी आपली
माझ्या गाडीच्या पायरीवर.

बटाट्यांनी फारसं काही केलं नाही.
तरी संपवलं आम्ही जवळजवळ सगळं,
तळाशी एक पळी उरली.

रात्री वारा फिरला, पारा उतरला,
सगळ्या गाड्यांत एकदम फोन वाजले.
डेलमर टोपी कानांवर ओढत निघून गेला.
सकाळी मी दात घासत बाहेर आले
तर आर्डिस फाटकाकडे गेलेली,
पत्र्यामागे भांडं हळूहळू रटरटतंय,
आणि दारावर, नेहमीच्या जागी, ठळक अक्षरात :
पाणी घातलंय.