टेपचं खालचं टोक

लोजिमिन चढला तेव्हा दानुमच्या रानात धुकं होतं.
आता दहा वाजलेत. तो दिसत नाही,
नुसता दोर हलतो
आणि मुंगळे त्याला वळसा घालून जातात.

पहिली फांदीच चाळीस मीटरवर.
गलोलीनं तिथवर सुतळी टाकायला
दोन दिवस गेले, आणि जळवांना किती रक्त.

टेपचं खालचं टोक माझ्या अंगठ्याखाली,
मुळाशी, चिखलात.
वर वारा सुटला असावा:
टेप गुणगुणते, नख थरथरतं.

वॉकीटॉकी खरखरते.
"आकडा सांग," मी म्हणते.
"थांब गं. इथे बेचक्यात वीतभर पाणी साचलंय,
त्यात बेडूक.
जमीन पाहिलीच नसेल यानं."

मग बराच वेळ
खरखरसुद्धा नाही.

वहीत आजची तारीख, झाडाचा क्रमांक,
उंचीच्या रकान्यात
चिखलाचा अंगठा.