चोवीस छिद्रं

प्रोफिराची चकती तळहातात मावायची.
पोलादाची, आणि तिला चोवीस छिद्रं.
वरून पंप दाबायचा वितळलेलं नायलॉन,
आणि सोऱ्यातून शेवया उतराव्यात तशा
उतरायच्या चोवीस तारा, इतक्या बारीक
की दिवा तिरपा धरला तरच दिसत.
मधासारखं वितळतं, असं सगळे म्हणत.
मधाला असा वास नसतो.
हा जेवणाच्या डब्यातून घरी यायचा, उशीत शिरायचा.

छिद्र बुजलं की ती पितळी सुई घ्यायची, पोलादी कधीच नाही.
"पोलाद पोलादाला ओरखडतं," म्हणायची,
"माणसांचंही तेच."
आणि हसायची नाही.

तिच्या पायाशी जमिनीत भोक,
भोकातून पत्र्याची नळी, थेट दोन मजले खाली.
तिथल्या गार झोतात तार थिजायची,
थिजता थिजता ताणली जायची,
सुतासारखी सरळ.
तुटली की प्रोफिरा नवी जुडी नळीत सोडायची
आणि बेल दाबायची. एकदा: सोडली.
खालून दोनदा: मिळाली.

खाली इरिमिया.
अकरा वर्षं.
बस वेगळी, जेवणाची वेळ वेगळी,
आणि मशिनांच्या त्या गडगडाटात
आवाज कुणाचा कुणाला ऐकू येणार?
दोन बेला, एवढाच तो तिला माहीत.

जानेवारीत वीज गेली.
तशी ती गावात रोजच जायची,
बिस्ट्रिटाच्या काठची सगळी घरं मेणबत्तीवर सूप ढवळायची.
पण कारखान्याची जाईल असं कुणी धरलं नव्हतं.
आधी पंखे थांबले. मग पंप.
मग मी तिथे कधीच न ऐकलेलं काहीतरी ऐकू आलं:
छपरावरून घसरणारा बर्फ.

टॉर्च माझ्या हातात होता.
मी एकोणीस वर्षांची, लागून तीन आठवडे,
पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट.
प्रोफिरा गुडघ्यांवर बसली, नळीला तोंड लावलं.
"खाली कोण आहे?"

बराच वेळ काही नाही.
मग पत्र्याचा घुमार घेऊन आलं वर:
"इरिमिया."
मग, जणू कालचंच बोलणं पुढे चालू,
"तुमच्या सातव्या चकतीचं एक छिद्र रडतंय. आठवडा झाला."
"माहीत आहे. नववं. सुई जात नाही तिथे."
"मी गाठ मारून भागवतो."
"म्हणूनच मी वर कळवलं नाही."

पाइप आकसत होते, टक, टक.
आत सगळं घट्ट होत चाललं होतं,
आणि हे त्या दोघांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

"बेल द्यायच्या आधी तुम्ही जरा थांबता," तो म्हणाला.
"थांबते. तुमचा हात रिकामा आहे का बघायला."
"दिसतो?"
"नाही."

मी टॉर्च विझवला. सेल वाचवायला,
असं मी नंतर सांगितलं.

वीज पहाटे आली, उपयोग नव्हता.
नऊ दिवस छिन्नी-हातोडा.
चकत्या भट्टीत भाजल्या, काजळ झटकलं.
चौकशी बसली, दोष कुणाचा याचा कागद झाला,
कागदाला माणूस लागतो, म्हणून इरिमियाला
उचलून पॅकिंगला टाकलं.
त्याच्या जागी आलेला मुलगा चपळ होता.
दोन बेला, जोडून, घाईच्या.
प्रोफिरा तरीही सोडण्याआधी थांबायची.

तिच्या स्वयंपाकघराचं दार आपोआप मिटतं.
त्याला ती एक ढेकूळ लावते, पिवळट, मुठीएवढी,
सातव्या चकतीखालची.
गेल्या रविवारी चहा उकळेपर्यंत
मी ती उलटी केली आणि तारांचे बुंधे मोजले.
तेवीस.
आणि नवव्या जागी एक थेंब,
पडायचा राहिलेला.