उतारा

आमच्या घरात सीझन म्हणजे जिनिंगचा.
दिवाळीनंतर धरणगावच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागायच्या
आणि अप्पा काट्यावरून पहाटेच घरी यायचे,
भुवयांवर रुई, खिशात शेंगदाणे.

माझा सीझन नंतर आला, आणि उलटा आला.
एप्रिल ते जून.
तिहेरी उडी : एक लंगडी, एक ढांग, एक उडी,
पुढे वाळू.

पतियाळ्याच्या कॅम्पात मॅडम चिमट्याने मोजतात.
आठ जागा. दंडाच्या मागे, दंडाच्या पुढे, खवाट्याखाली,
कमरेच्या हाडाशी दोनदा, बेंबीशेजारी,
मांडी, पोटरी.
चिमटा गार असतो.
मॅडम आकडा मोठ्याने सांगतात
आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेली मुलगी
तोच आकडा पुन्हा मोठ्याने म्हणते, चुकू नये म्हणून.
नोव्हेंबरात बेरीज ब्याण्णव मिलिमीटर.
मे महिन्यात त्रेसष्ट.
वजन मात्र अडीच किलोच उतरलेलं.
वजनाकडे बघू नकोस, मॅडम म्हणाल्या,
आत काय आहे ते बघ.

हे शिकायला मला तिथवर जावं लागलं नव्हतं.
अप्पा सांगायचे, क्विंटलला भुलू नये,
ओला माल काट्यावर जड भरतो.
मूठभर कापूस दाबून बघायचे,
सरकी दाढेखाली फोडायचे आणि आवाज ऐकायचे.
शंभरात रुई किती, सरकी किती.
पस्तीस उतरला तर गाडीवाल्याला
स्वतःच्या पैशांनी चहा.

जूनमध्ये घरी आले की आई मला उंबऱ्यातच थांबवते.
"काय व बेटा, कितली वाळी गयी!"
तिचा उतारा वेगळा.
भाकरीचा तुकडा, मीठ, सात मिरच्या,
माझ्यावरून तीनदा, मग तिठ्यावर,
आणि मागे वळून बघायचं नाही.
मी तिला सांगत नाही की हेच तर हवं होतं,
की या त्रेसष्टावर मी तेरा मीटर ओलांडले.
तीन महिने पाळी आली नाही, हेही सांगत नाही.
कपाटातली पुडी तशीच्या तशी आहे
हे ती बघते. तीही मोजतेच.

हिवाळ्यात मी परत भरते.
मळ्यात रात्री पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजतात,
ठेचलेल्या मिरचीचा ठसका, कळण्याच्या पुऱ्या,
आणि ताराकाकू विचारत नाही, वाढते.
मांड्या पुन्हा एकमेकींना लागतात.
पाळी येते, आगाऊ न कळवता,
रुसून माहेरी गेलेल्या बाईसारखी तोंड फुगवून.
पहिला आठवडा माझी मला ओळख पटत नाही.
मग आवडू लागते.
हे मॅडमना सांगायचं नसतं.

त्याच दिवसांत अप्पा उतरत जातात.
रात्रपाळी, कापसाची धूळ, जेवणाच्या जागी चहा.
पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडतात.
जिन बंद पडली की पावसाळाभर पुन्हा भरून येतात,
तेव्हा मी काटकुळी.
भाऊ म्हणतो, चला, घराचं एकूण वजन तेवढंच.

या जानेवारीत चिमटा मी घरी आणला.
अप्पा हसले, त्यांनी बनियन वर केलं,
गुदगुल्या होतील म्हणून आधीच अंग चोरलं.
खवाट्याखाली धरलं :
पकडीत कातडी आली. नुसती कातडी.
पाच.
मॅडमच्या वहीत, धावणाऱ्या पोरांच्या पानांवरसुद्धा,
पाच मी कधी पाहिला नव्हता.

"कितला?" अप्पांनी विचारलं.
आई लाटणं हातात घेऊन उभी,
आकडा पुन्हा म्हणायला जणू तयार.

"माल सुका आहे," मी म्हणाले.

अप्पा खूश. मग भाव चांगला येईल, म्हणाले,
आणि बनियन खाली ओढलं.

आई काहीच बोलली नाही.
मिठाच्या डब्याकडे गेली.